काहून वाढून राहिला?

धाकट्याचा फोन आला तेव्हा मी वाडीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या जुळवत बसले होते. "ताई, बाबांचा तो शेअर पाहिला का? रोज सर्किट लागून राहिलं!" सर्किट म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका वर किंवा खाली जाऊ शकतो ती मर्यादा.

बाबांनी 1994 साली पब्लिक इश्यूत घेतलेले हे 400 शेअर. कागदी सर्टिफिकेटं, दिवाणातल्या फाइलीत. बाबा वारल्यावर ते माझ्या नावावर करून डिमॅटला, म्हणजे ऑनलाइन खात्यात, आणायला सात महिने लागले. त्या सह्या, ती प्रतिज्ञापत्रं, तो वेगळाच विषय आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कोणी घ्यायला धावेल.

भाव 42 होता. रोज पाच टक्के करत पंधराव्या दिवशी 87.30.

"पण काहून वाढून राहिला?" मी विचारलं.

"काहीतरी असंल ना आत. उगाच थोडी वाढते?"

रात्री जेवणं आटोपल्यावर शोधायला बसले. तिमाहीची विक्री गेल्या वर्षीइतकीच. नवीन ऑर्डर नाही, जमीन विकल्याची बातमी नाही. एक्स्चेंजने, म्हणजे शेअर बाजाराने, कंपनीला खुलासा विचारला होता, त्यावर ठरलेलं उत्तर: आमच्याकडे जाहीर न केलेली कोणतीही माहिती नाही, भाव बाजाराने ठरवला आहे. मग त्या दिवसाचे सौदे उघडले. पाच सौदे, मिळून 43 शेअर. त्यातला एक सौदा तर एकाच शेअरचा!

मी कॅल्क्युलेटर काढला. कंपनीचे एकूण शेअर 60 लाख. त्या एका दिवसात भाव सव्वाचार रुपयांच्या आसपास वाढला, म्हणजे कागदावर कंपनी अडीच कोटींनी महाग झाली. आणि प्रत्यक्षात हात बदललेले पैसे? पावणेचार हजार. आमच्या ऑफिसात याहून जास्त रक्कम हमालीत जाते.

बेसाच्या आमच्या लेआउटात हे मी आधी पाहिलं होतं. एकाला घराला लागून असलेलाच प्लॉट हवा होता, त्याने दीडपट भाव दिला. त्या संध्याकाळी अख्खा लेआउट श्रीमंत झाला. कोपऱ्यावरचे काका मात्र त्याच भावाने खरोखर विकायला निघाले, तेव्हा दलालांनी त्यांचे फोन उचलणं बंद केलं.

शेअरचंही तेच. प्रमोटरकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडे, 73 टक्के, ते विकत नाहीत. उरलेल्यातले कित्येक बाबांसारख्यांच्या दिवाणात. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर डिमॅट केल्याशिवाय विकताच येत नाहीत. ज्यांना विकता येतात ते सर्किट बघून हात आखडतात. डेप्थमध्ये, म्हणजे थांबलेल्या ऑर्डरी दिसतात त्या स्क्रीनवर, खरेदीला 18,000 शेअरची रांग, विक्रीला शून्य. ही रांग मला आधी फार भारी वाटली होती. पण विकणाराच नसेल तर एवढी मोठी ऑर्डर लावणाऱ्याला शेअर घ्यावेच लागत नाहीत. रांग मात्र सगळ्यांना दिसते.

धाकट्याने लगेच एल्सिड या गुंतवणूक कंपनीचं उदाहरण काढलं. तो शेअर 29 ऑक्टोबर 2024 ला एका दिवसात 3.53 वरून 2,36,250 वर गेला, हे खरंच आहे. पण तिथे कारण उघड होतं. एल्सिडकडे एशियन पेंट्सचे शेअर आहेत, एका शेअरमागची मालमत्ताच लाखांत. साडेतीन रुपयांना कोण विकेल? म्हणून सौदेच होत नव्हते. सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, अशा दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून बसलेल्या होल्डिंग कंपन्यांसाठी भावमर्यादा नसलेला खास लिलाव आणला आणि अडकून पडलेला भाव एका सकाळी सुटला. आमच्या कंपनीच्या ताळेबंदात तसलं काही नव्हतं, मी दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सर्किटच्या भावाला 150 विकायला लावले. सेकंदात गेले. धाकटा दोन दिवस बोलला नाही, कारण त्यानंतरही चार सर्किटं लागली.

उरलेले 250 काहून ठेवले, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. लोभ. एवढा हिशेब मांडूनसुद्धा. ती चार सर्किटं पाहून मलाही वाटलं, अजून थोडं थांबू.

मग एका मंगळवारी बाजार उघडला तोच लोअर सर्किटला, म्हणजे खालच्या मर्यादेला. तीच स्क्रीन, उलटी. विक्रीला 31,000, खरेदीला शून्य. तेव्हापासून रोज रात्री ऑर्डर लावून झोपते, सकाळी ऑफिसच्या बसमध्ये पाहते, माझ्यापुढे हजारो उभेच.

काल धाकट्याचा फोन. "ताई, गेले का?"

"अकरा गेले."

"अकराच?"

"हो. अन् त्या अकरांवरही डीपी चार्ज, डिमॅटमधून शेअर काढायची ठरलेली फी, पूर्ण कापला."