कोरा रकाना

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा म्हणून शाळेतून फोन आला, तेव्हा मी वॉर्डात आमच्या नर्सिंगच्या मुलींनी भरलेले चार्ट तपासत होते. विषय तिथेच सापडला.

आपल्या शाळेच्या मागे, हातपंपाच्या पलीकडे, विज्ञानाच्या सरांनी पर्जन्यमापक बसवला होता. पत्र्याचं नरसाळं, खाली बाटली आणि प्रयोगशाळेतलं मोजपात्र. परिपाठाआधी पाणी मोजायचं, वहीत आकडा लिहायचा. पाळी आठवीच्या मुलींची. आपल्या भागात मोजायचं तरी काय? निम्मा जुलै सरला तरी बाटलीत धूळ. एकदा मी रकाना कोराच सोडला. सर म्हणाले, "पडला नाही तर शून्य लिही. कोरं ठेवलंस म्हणजे तू बघितलंच नाहीस." मला तो नुसता जाच वाटला.

माझा जन्म 1972 च्या दुष्काळातला, आई खडी फोडायला जात होती तेव्हाचा. दहावी-बारावी झाली तेच पुष्कळ होतं. नर्सिंगचं नाव काढलं तर आजी म्हणाली, "लोकाचं हागणं-मुतणं काढायला पाठवता का पोरीला?" तिचं फारसं चुकलं नव्हतं. तेही काम असतंच.

30 सप्टेंबर 1993 ला मी तिसऱ्या वर्षाला होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसं उशिरा झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरकडची दगडमातीची माळवदं खाली बसली. जखमींचे ट्रक येऊ लागले तशा आम्ही शिकाऊ मुलीही वॉर्डात उभ्या राहिलो. दुसऱ्या रात्री माझ्याकडे एक म्हातारबाबा होते. भिंतीखाली मांडी कितीतरी तास दबलेली, वरून मोठी जखम नाही. सारखं म्हणायचे, "माय, घोटभर पाणी." दबलेल्या स्नायूंतून जे रक्तात उतरतं त्यानं मूत्रपिंड बसतं, म्हणून लघवी दर तासाला मोजायची. तासाला 30 मिलिलिटरच्या खाली गेली की डॉक्टरांना सांगायचं. आधी ती काळ्या चहासारखी आली. मग पिशवी कोरडीच. एक वाजता काही नाही, दोनला नाही, तीनला नाही. लिहायला काही नव्हतं, मी काही लिहिलं नाही. वॉर्ड इतका भरलेला की सांगायचंही राहिलं. तीननंतर फेरीला आलेल्या डॉक्टरांनी चार्ट पाहिला. मोजायचं राहिलं असेल, पोरगी मागाहून भरेल, असं समजून ते पुढे गेले.

सकाळी सिस्टरांनी विचारलं, "झालीच नाही, की तू पाहिलंच नाहीस?"

"झाली नाही."

"मग शून्य कुठंय?"

बाबांना सोलापूरला हलवलं. पुढचं मला कळलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते. बारा वर्षं वॉर्डात काढली, नोकरी सांभाळून बीएस्सी, मग एमएस्सी, मग शिकवणं. पीएचडीसाठी विषय निवडला तो रात्रपाळीतल्या नोंदींचा. मार्गदर्शकांना तो फार साधा वाटला होता. त्या कामात कोरे रकाने इतके पाहिले की पहिला राग गेला. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे; मी रात्री एकटीनं चाळीस खाटा सांभाळल्यात. हात दोनच असतात.

पण भरलेला रकाना मला कोऱ्याहून जास्त भिववतो. परवाच्या त्या चार्टांत ओळीनं सगळ्यांचे श्वास 20. दम्याच्या आजींचे 20, ऑपरेशन झालेल्या मुलाचे 20. मी मुलींना आजींच्या खाटेपाशी नेलं, घड्याळ हातात दिलं, पूर्ण एक मिनिट मोजायला लावलं. 34 निघाले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रागावण्याचा अधिकार मला किती, हे तिला ठाऊक नव्हतं.

कारण आठवीत असताना मी पोळ्याला आजोळी गेले होते. परत आल्यावर वहीत तीन दिवसांची तीन शून्यं एकदम ठोकून दिली. त्यातल्या एका रात्री गावात चांगला पाऊस होऊन गेला होता, आणि सरांनी स्वतः मोजला होता. ते काही बोलले नाहीत. माझं शून्य खोडलं नाही, शेजारी लाल शाईनं खरा आकडा लिहिला.

ती वही प्रयोगशाळेच्या कपाटात अजून असेल, तर कार्यक्रमाच्या दिवशी काढून ठेवा. लाल शाईतला आकडा मला पाहायचा आहे.