ब्रॉडवेवरची बिडाची इमारत

न्यूयॉर्कचे सुरुवातीचे दिवस स्वातंत्र्यदेवी, सेंट्रल पार्क आणि रांगा यांत गेले. त्यावर लिहावंसं काही वाटत नाही. लिहायचंय ते मॅनहॅटनच्या सोहो भागातल्या एकाच इमारतीबद्दल. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १८५७ पासून उभी असलेली पाचमजली हाऊआउट बिल्डिंग.

फुटपाथवर उभं राहायलाही जागा नव्हती. खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसं धक्के देत पुढे जात होती, सगळ्यांच्या नजरा तळमजल्यावरच्या काचांवर. वर बघायला एकही जण थांबत नव्हता, आणि त्याचा मला मनापासून राग आला. कारण वर होत्या कमानीच कमानी! दोन खांबांमध्ये कमान, तिच्या दोन्ही बाजूंना आणखी उंच खांब, आणि हीच रचना ओळीने, मजल्यामागून मजला. कल्पना वास्तुकार सान्सोविनोच्या व्हेनिसमधल्या ग्रंथालयावरून घेतलेली. दगडाचीच वाटते. मी पिशवीतलं छोटं चुंबक काढून खांबाला लावलं आणि ते टक्कन चिकटलं. अंगावर काटा आला. एवढं नाजूक कोरीवकाम, आणि सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं!

ही चुंबकाची युक्ती मार्गो गेल यांची. या बाईंनी १९७० मध्ये बिडाच्या इमारती वाचवण्यासाठी संघटना काढली आणि लोकांना चुंबक घेऊन आपलं शहर तपासायला शिकवलं.

वास्तुकार जॉन गेनर, ओतकाम डॅनियल बॅजर यांच्या कारखान्याचं. एकदा साचा तयार झाला की हवे तेवढे खांब ओतायचे, जागेवर आणून बोल्टने जोडायचे. बीड दाबाचा भार उत्तम पेलतं, म्हणून खांब सडपातळ आणि खिडक्या प्रशस्त. विजेचे दिवे यायच्या आधीच्या काळात हा उजेड म्हणजे मोठीच गोष्ट होती. मुंबईत काळा घोड्याला वॉटसन हॉटेलची बिडाची इमारत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

इथे हाऊआउट यांचं काचसामान, चांदी आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नी मेरी यांनी व्हाइट हाऊससाठी जांभळ्या काठांची, गरुडाचं चित्र असलेली भांडी इथूनच रंगवून घेतली. आणि मार्च १८५७ मध्ये एलिशा ओटिस यांची वाफेवर चालणारी प्रवासी लिफ्ट याच दुकानात बसली. दोर तुटला तरी पाळणा जागीच अडकतो, हे त्यांनी १८५४ साली भर प्रदर्शनात स्वतः त्या पाळण्यावर उभं राहून दाखवलं होतं. पाच मजल्यांना लिफ्टची गरज नव्हती, पण गिऱ्हाईक ओढायला ती हवी होती.

विसाव्या शतकात या भागाची पार रया गेली. शहराचे रस्ते आणि पूल आखणारे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांना तर ब्रूम स्ट्रीटवरूनच द्रुतगती मार्ग न्यायचा होता. लेखिका आणि कार्यकर्त्या जेन जेकब्ज आणि रहिवासी वर्षानुवर्षं लढले, १९६५ मध्ये या इमारतीला वारसा दर्जा मिळाला आणि १९६९ मध्ये रस्त्याची योजना बारगळली. १९७३ मध्ये सोहोच वारसा क्षेत्र ठरलं. मधल्या काळात काळवंडलेला दर्शनी भाग १९९५ च्या दुरुस्तीत पुन्हा मूळच्या फिकट रंगाचा झाला.

लॉफ्ट, म्हणजे कारखान्याचा राहता केलेला मोकळा मजला, आतून पाहायचा तर आधी नोंदणी करून १०१ स्प्रिंग स्ट्रीटला जा. १८७० ची ही इमारत शिल्पकार डोनाल्ड जड यांनी १९६८ मध्ये घेतली. प्रत्येक मजला एकच सलग दालन: एकावर स्वयंपाक आणि जेवण, एकावर काम, सर्वांत वर झोपणं. भिंती नसल्यामुळे उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो. असे ओस पडलेले कारखान्यांचे मजले चित्रकार-शिल्पकारांनी राहते केले, तेव्हा ते बेकायदा होतं. १९७१ मध्ये नियम बदलून कलाकारांना परवानगी मिळाली. आज त्याच मजल्यांची भाडी बहुतेक कलाकारांच्या आवाक्याबाहेर आहेत. ज्यांनी या इमारतींत जीव ओतला, त्यांनाच तिथून निघावं लागलं, याची चीड मला अजूनही येते.