माझ्या जुन्या २१ इंची ट्यूबवाल्या टीव्हीचा फोकस जाग्यावर आला!

पिक्चर ट्यूब गेलेली नाही, राजेहो. चित्र धुरकट येतं म्हणून 'आता भंगारात दे' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

लक्षण असं होतं: टीव्ही लावला की चित्र धुरकट, पंधरा-वीस मिनिटं तापला की आपोआप स्वच्छ. झड लागली की मात्र दिवसभर धुरकट. ईएचटीवरचा (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फोकस नॉब फिरवावा, तर तापल्यावर पुन्हा बिघडायचं. मेकॅनिकचं एकच पालुपद, ईएचटी बदला. त्यासाठी नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात निघणारच होतो, पण ईएचटी ओलीने बिथरली असती तर चटचट आवाज आला असता, ओझोनचा वास आला असता. तसं काहीच नव्हतं. मग नेक बोर्ड, म्हणजे ट्यूबच्या मानेवर बसणारी छोटी सर्किटची पाटी, काढला. (आधी ॲनोड, म्हणजे ट्यूबची जाड वायरीची जोडणी, डिस्चार्ज करा, तिथे २५ हजार व्होल्ट असतात.) ट्यूबच्या सॉकेटमध्ये फोकस पिनचा वेगळा कप्पा असतो. तो उचकटला, तर आत हिरवा गंज! फोकसचे काही हजार व्होल्ट तिथूनच झिरपत होते. सॉकेट तापून सुकलं की गळती बंद. नवं सॉकेट किरकोळ किमतीचं, पण जुनं सोबत न्या. 'सगळं एकच असते' म्हणत बारीक नेकचं हातात देणारे दुकानदार फार.

आता फ्री डिशवर बातम्यांची पट्टी सरकताना अक्षर न अक्षर वाचता येतं. ४३ इंची एलईडीवर तीच पट्टी लिबलिबीत. बॉक्स ५७६ ओळी देतो, त्याही एकाआड एक. ट्यूब त्या तशाच काढते. एलईडीला आधी जोडाव्या लागतात, मग १०८० वर, म्हणजे १.८७५ पट, ताणाव्या लागतात. धड दुप्पटही नाही! शिवाय ट्यूबवरचा ठिपका क्षणात चमकून विझतो. एलईडी ५० हर्ट्झला चित्र २० मिलिसेकंद धरून ठेवतो, डोळा मात्र पट्टीबरोबर पुढे सरकलेला असतो, म्हणून फरपट. एचडीचं स्थिर चित्र असेल तर एलईडीच सरस, उगाच भांडू नका.

पुढचं काम कॅबिनेट रंगवायचं होतं. ते राहू द्या, लिहितानाच सुचलं: या टीव्हीच्या किटमधल्या (सर्किट बोर्डावरच्या) टीडीए ८३६१ चिपला ओएसडीसाठी, म्हणजे पडद्यावर आवाजाचे दांडे वगैरे दाखवायला, आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे घेणारे) पाय आहेत. कंपोझिटमुळे, म्हणजे सगळे रंग एकाच वायरीतून येत असल्यामुळे, लाल अक्षरांच्या कडा अजून पाझरतात. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा आरजीबी थेट तिथे सोडला तर? आवाजाचे हिरवे दांडे दिसणार नाहीत, चालेल. हे कोणी केलं असेल तर ब्लँकिंगच्या (मूळ चित्र झाकून आरजीबी दाखवायला लावणाऱ्या) पायाला किती व्होल्ट दिले, तेवढं सांगा.