पंप चालू, पाणी जागच्या जागी

"मॅडम, इंजिन चालू होतंय ना? मग मशीनमध्ये काही फॉल्ट नाही." सर्व्हिस सेंटरच्या माणसाने हे मला तिसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा आमच्या कंपाउंडमध्ये घोटाभर पाणी साचलं होतं. पंपाचं इंजिन माझ्या मागे व्यवस्थित धडधडत होतं आणि पाइपातून एक थेंब बाहेर येत नव्हता. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. ज्यांचं घर तळमजल्यावर आहे आणि जे यंदा पाणी उपसायला पेट्रोलवरचा पंप घ्यायच्या विचारात आहेत, त्यांचे तरी नऊ दिवस वाचावेत.

आमचं घर किंग्ज सर्कलला, गांधी मार्केटच्या पट्ट्यात. मुंबईत पाणी कुठे भरतं असं विचारलं की हिंदमाता आणि मिलन सबवेबरोबर आमचं नाव येतंच. इमारत जुनी. डांबरावर डांबर चढत रस्ता वर गेला आणि आमचं कंपाउंड दोन पायऱ्या खाली राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आमच्या लोखंडी कपाटाचा खालचा खण पाण्यात होता आणि अण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, पेन्शनचे सगळे कागद त्याच खणात. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तेच. आता अण्णा अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना उचलून पहिल्या मजल्यावर न्यायचं म्हणजे चार माणसं लागतात, आणि ती चार माणसं त्या वेळी ऑफिसात किंवा लोकलमध्ये अडकलेली असतात.

सोसायटीचा विजेचा पंप आहे. पण पाणी चढायला लागलं की सगळ्यात आधी मीटर रूमचा मेन स्विच खाली पाडावाच लागतो. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी तो पंप बंद. ओल्या जमिनीवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून तो चालवायचा विचार कोणी करत असेल तर कृपा करून करू नका. म्हणून पेट्रोलवरचा पंप घ्यायचं ठरलं.

नागदेवी स्ट्रीटला जाऊन मे महिन्याच्या शेवटी घेतला. दोन इंची, सेल्फ प्रायमिंग (म्हणजे पोटात एकदा पाणी भरलं की पाइपातली हवा स्वतःच काढणारा), फोर स्ट्रोक इंजिन, कागदावर मिनिटाला ६०० लिटर. खरेदी एका सकाळीच झाली. एवढंच लक्षात ठेवा की दुकानदार दोन्ही पाइप चपटे, कापडी देऊ बघतो. बाहेर पाणी टाकायला तो चालतो. ओढायच्या बाजूला मात्र कडक, आतून कडी असलेलाच पाइप हवा, नाहीतर तो स्वतःच चिकटून बसतो.

बाकीची जोडणीही घरच्या घरी अर्ध्या तासात झाली. फक्त इंजिनात तेल नव्हतं. नवीन इंजिन कोरडंच येतं, त्याच्यावर लाल अक्षरात तसा टॅगही असतो. १०डब्ल्यू-३० तेल, काठोकाठ, आणि पंप सपाट जागी ठेवून. आम्ही उतारावर ठेवून मोजलं, तेल कमी पडलं आणि आतल्या सेन्सरने इंजिन सुरूच होऊ दिलं नाही. पाऊण तास दोरी ओढून माझ्या यजमानांचा खांदा धरला.

आता ते नऊ दिवस.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पंप बाहेर काढला. वरचं बूच उघडून पंपाच्या पोटात पाणी भरलं, कॉक उघडला, चोक दिला, दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू. पाणी येईना. सेल्फ प्रायमिंग असल्याने मिनिट-दोन मिनिटं लागतात हे वाचलेलं होतं. पाच मिनिटं झाली तरी काही नाही. बंद केला, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा तेच. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बादल्यांनी पाणी उपसलं, वरच्या मजल्यावरची कॉलेजची मुलं होती म्हणून निभावलं.

तक्रार नोंदवली. "४८ तासांत माणूस येईल." आला नाही. तिसऱ्या दिवशी फोन केला तर तक्रारीचा नंबर सिस्टीममध्ये दिसत नाही म्हणे, नवीन नंबर घ्या, नवीन ४८ तास. पाचव्या दिवशी त्यांनी वॉरंटी कार्डाचा फोटो मागवला आणि कार्डावर दुकानाचा शिक्का नाही म्हणून तक्रार अडकवून ठेवली. शिक्क्यासाठी मी मशीद बंदरला उतरून भर पावसात नागदेवीला गेले, शिक्का मारून आणला. सातव्या दिवशी सांगण्यात आलं की माणूस घरी येत नाही, पंचवीस किलोचं मशीन तुम्हीच ठाण्याच्या पलीकडे सेंटरला आणा. आणि मशीन न बघताच वर हेही ऐकवलं, "तुम्ही पाण्याशिवाय चालवला असेल, सील जळलं असेल, ते वॉरंटीत बसत नाही."

या वाक्याने मात्र मी घाबरले, कारण दुकानात त्यांच्याच पोऱ्याने "आवाज ऐका मॅडम" म्हणत, तेवढ्यापुरतं तेल घालून, पंप पाण्याशिवाय सुरू करून दाखवला होता. सील म्हणजे फिरत्या भागाभोवतून पाणी गळू न देणारं आतलं कडं, ते पाण्यानेच थंड राहतं. कोरडं फिरलं की तापतं, आणि मग तिथून गळायला लागतं. म्हणून दुकानात कोणी असा आवाज ऐकवायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. आमचं सील नशिबाने शाबूत होतं. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि दोन रात्री मी हजारो रुपये पाण्यात गेले या विचारात काढल्या.

नवव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पाणी चढायला लागलं. यजमानांची सेकंड शिफ्ट. ओट्यावर कणिक भिजवलेली, बाजूला सर्व्हिस सेंटरला लावलेला फोन स्पीकरवर, त्यातून थांबवून ठेवण्याचं तेच संगीत. तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो आतली हवा काढून पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणूनच कितीही ताकदीचा असला तरी सात-आठ मीटरच्या खालून पाणी येत नाही. कुठून बारीक हवा आत शिरली तर ती पोकळी होतच नाही. आणि ही गळती डोळ्यांना दिसत नाही! पाणी फेकायच्या बाजूला सांधा सैल असला तर तिथून पाणी ठिबकतं, कोणालाही कळतं. ओढायच्या बाजूला सांधा सैल असला तर बाहेर काहीच येत नाही, हवा गुपचूप आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत. आम्ही नऊ दिवस तो कोरडा सांधा बघून "इथे काही नाही" म्हणत होतो.

पातेल्याला दम द्यायचा तर आपण झाकणाच्या कडेने कणकेची पट्टी लावतो. तीच कणिक मी घेऊन बाहेर गेले. पंपाच्या पोटात पाणी भरून इंजिन सुरू केलं, सायलेन्सर पलीकडच्या बाजूला आहे हे आधी बघितलं, आणि पाइपाच्या क्लिपभोवती कणिक दाबली. फरक नाही. तिथून काढून पाइप जिथे पंपाला जोडला जातो त्या आट्यांभोवती लावली. कणकेला एका जागी छोटासा खळगा पडला, जणू कोणी आतून बोटाने ओढतंय. मी तिथे आणखी एक गोळा थापला. इंजिनचा आवाज जड झाला, पाइप साप हलल्यासारखा हलला, आणि गेटबाहेर धो धो पाणी पडायला लागलं. मी तिथेच उभी राहून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

रात्री तो सांधा उघडला. आत रबरी वॉशर बसायची खाच रिकामी. वॉशर पंपाच्या खोक्यात थर्माकोलच्या खाली, पान्याच्या पिशवीत सापडला. सांधा दुकानातल्या पोऱ्यानेच "लावूनच देतो" म्हणून पिळला होता. तक्रार मात्र आठ दिवसांनी "ग्राहकाशी संपर्क झाला" असं लिहून त्यांनी बंद केली.

तेव्हा पाण्याची चाचणी मेमध्येच करा, पिंपात पाइप सोडून. आम्ही ती केली असती तर हे काहीच झालं नसतं. वॉशर बसवताना थोडं ग्रीस लावा आणि दोन जास्तीचे आणून पंपाच्या दांड्याला पिशवीत बांधून ठेवा.

वॉचमनकाकांना पाऊस लागतो म्हणून पंप जिन्याखाली ओढायचा होता. मी ठाम नाही म्हटलं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि जिना म्हणजे धुरांडं, तो सरळ घराघरांत जाणार. आम्ही गेटजवळ, खिडक्यांपासून लांब, विटांच्या ओट्यावर पंप ठेवतो. वर ताडपत्री, चारही बाजू उघड्या, आणि सायलेन्सरपासून ती हातभर दूर. कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा करून घेतला आहे, कारण ओढायच्या पाइपाच्या टोकाची जाळी पूर्ण बुडाली नाही तर पुन्हा हवाच ओढली जाते.

जाळीवर प्लास्टिकच्या पिशव्या हमखास बसतात. आधी इंजिन बंद, मग जाळीला हात. पंप उघडायचाच असेल तर स्पार्क प्लगची टोपीही काढायची. माझी मावसबहीण टोरांटोला असते, तिच्याकडे दारातला बर्फ उडवायचं यंत्र आहे, इंजिन याच जातीचं. तिथे इंजिन बंद केल्यावरही त्याच्या तोंडात हात घालत नाहीत, अडकलेला बर्फ काठीनेच काढतात, कारण पट्ट्यात ताण राहिलेला असतो आणि गोळा सुटला की आतलं पातं एकदम फिरतं. तिने मला आणखी एक कामाची गोष्ट सांगितली. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करायचे. ती एप्रिल-मेमध्ये करते, मी दसऱ्यानंतर. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतला ओलावा धरतं, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतं. मग जूनमध्ये नुसती दोरी ओढत बसायचं.

पेट्रोल आणायला प्लास्टिकची बाटली नेऊ नका, परत पाठवतात आणि ते बरोबरच आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, धातूच्या घट्ट बुचाच्या डब्यात, आणि तो डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. आम्ही पाच लिटरचा पत्र्याचा ठेवतो, देवघर आणि स्वयंपाकघरापासून लांब. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, कितीही घाई असली तरी दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. ती मिनिटं मला आजही फार जड जातात.

भरतीचं वेळापत्रक दाराला लावून ठेवलं आहे. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की समुद्राकडे पाणी जायचा मार्गच बंद होतो आणि आपण रस्त्यावर टाकलेलं पाणी गेटमधून परत येतं. म्हणून त्या दिवशी मी भरतीच्या दोन तास आधीपासून खड्डा रिकामा ठेवते.

तेल पहिल्यांदा वीस तासांनी बदलायचं. आमचे वीस तास गणपतीच्या आधीच भरले. काळं तेल गटारात ओतू नका, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला डबा ठेवून घेतो.