एचएमटी २५११ च्या तेलात पाणी उतरलं तेव्हा

वडिलांच्या काळातला एचएमटी २५११ ट्रॅक्टर आमच्या घरी अजून राबतो. दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर. झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रज्ञानावर हरियाणातल्या पिंजोरला बांधलेला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून "आता पार्ट मिळायचे नाहीत, काढून टाका" हे ऐकतोय. पार्ट मिळतात, फिरावं लागतं एवढंच.

या उन्हाळ्यात एका सकाळी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढली, तर तेल खुणेच्या वर. तेल आपोआप वाढत नाही, त्यात कशाची तरी भर पडलेली असते. ट्रॅक्टर रात्रभर उभा होता, म्हणून चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, ड्रेन नट हळूच सैल केला. आधी पाणी आलं, मग काळं तेल. पाणी जड, ते तळाशी बसतं; म्हणून ही तपासणी इंजिन चालू करण्याआधीच करावी. एकदा का इंजिन फिरलं की दोन्ही घुसळून एक होतात आणि बेअरिंगची वाट लागते.

रेडिएटरचं पाणी तेलात एक तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ पत्र्यातून उतरतं, नाहीतर लायनरखालच्या रबरी रिंगांमधून. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं. या इंजिनाचे लायनर वेट, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात उभे. मिस्त्रीमामांनी चेंबर उतरवला, रेडिएटर भरलेलाच ठेवला आणि खाली झोपून बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. मागच्या लायनरच्या बुडाशी थेंब धरला, पडला, पुन्हा धरला. घाईने हेड उघडलं असतं तर गॅस्केट बदलून पाणी तसंच राहिलं असतं.

लायनर ओढून काढला. बाहेरच्या अंगाला क्षाराचा पांढरा थर, आणि तो खरवडल्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे. आमचा शिरोळ तालुका. जमिनी क्षारपड करणारं पाणीच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये जात होतं. माझं ठाम मत झालंय, या भागातली जुनी इंजिनं झिजून कमी आणि पाण्याने जास्त मरतात.

लायनर-पिस्टनचा सेट कोल्हापुरात उद्यमनगरला मिळाला. बसवण्याआधी ब्लॉकमधली रिंगांची जागा पॉलिश पेपरने घासून, बोट फिरवून गुळगुळीत केली. रिंगांना साबणाचं पाणी लावलं, लायनर हाताने दाबून बसवला. वरची कडा ब्लॉकच्या केसभर वर राहायला हवी, नाहीतर गॅस्केट दाबलं जात नाही. मग हेड कसलं, चेंबर उघडाच ठेवून पाणी भरलं आणि रात्रभर खाली कागद अंथरला. सकाळी कागद कोरडा होता.

पुढचं काम रोजच्यातलं: टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, नवं तेल, आणि डिझेलच्या नळ्यांतली एअर (हवा) काढणं. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचं. सेल्फ मारला आणि ओळखीचा ठोका लागला. शेजारचे आप्पा बांधावरूनच ओरडले, "लागला रे!"

रेडिएटरमध्ये आता बोअरचं पाणी जात नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. खर्च थोडा वाढतो, पण लायनरच्या सेटपुढे तो काहीच नाही. पिस्टनच्या नव्या रिंगा बसेपर्यंत नांगर लावला नाही, हलकी ट्रॉलीच ओढली. आता अवजारं धरणारी लिफ्ट उचलून ठेवली की हळूहळू खाली बसते, तेव्हा पेरणीआधी हायड्रोलिकचे सील बघायचे आहेत.