होमस्कूल ग्रुपचं ऑफिसकाम दुसऱ्याकडे दिलं त्याबद्दल

आमच्या होमस्कूल ग्रुपात, म्हणजे मुलांना शाळेऐवजी पालकच मिळून शिकवतात त्या ग्रुपात, शिकवायला सगळे आईबाबा तयार, पण फी कोणाची राहिली, या आठवड्यात हॉल मिळणार का, हे बघायला कोणीच नाही, म्हणून शेवटी एक व्हर्च्युअल असिस्टंट ठेवली, ती घरूनच काम करते आणि कॅलेंडर, गूगल फॉर्म, फीची आठवण सगळं तिच्याकडे. रिमाइंडर बाहेरच्या माणसाकडून गेला की कोणाला राग येत नाही, हा मोठाच फायदा! बँकेचा ॲक्सेस मात्र द्यायचा नाही, आणि मुलांच्या ॲलर्जीची, औषधांची शीट वेगळी ठेवायची, ती फक्त त्या दिवशी वर्गावर असणाऱ्या पालकांनाच दिसेल अशी. पालकांची आपापसातली भांडणं? ती अजून आपल्यालाच मिटवावी लागतात.