आमची वाटचाल : स्लाइम, सोडा आणि सोळा मुलांचे बत्तीस हात

सुरुवात काही प्लॅन करून वगैरे झाली नव्हती. मी एका शाळेत लॅब असिस्टंट होते आणि माझ्या लेकाने सातव्या वाढदिवसाला जाहीर करून टाकलं की आई यावेळी जादूगार नको, मला स्फोट पाहिजे. मग काय, व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी केला, पोरं खूश, आणि तिथेच दोन आयांनी विचारलं की आमच्याकडे पण करशील का. मैत्रिणीला सोबत घेतलं, ती हिशोबात पक्की आणि मी पसाऱ्यात, झाली आमची मुलांच्या वाढदिवसाला प्रयोगांची पार्टी करणारी कंपनी.

पहिली पैसे घेऊन केलेली पार्टी मात्र सपशेल पडली. मी पांढरा कोट घालून टेबलामागे उभी, एकूण अकरा प्रयोग, सगळे मीच करणार आणि मुलं बघणार. चौथ्या प्रयोगाला निम्मी मुलं फुगे फोडायला पळाली आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलाने सरळ विचारलं, आम्ही कधी करायचं? घरी येताना गाडीत दोघी गप्प होतो. पण त्या एका प्रश्नावर पुढचा सगळा धंदा उभा राहिलाय असं मी आजही म्हणते. अकराचे चार प्रयोग केले आणि ते सगळे मुलांच्या हातात दिले.

आता पहिलं येतं जांभळ्या कोबीचं पाणी. कोबी उकळून गाळून आम्ही घरूनच नेतो, प्रत्येकाला ड्रॉपर, एका वाटीत लिंबाचा रस, एकीत सोड्याचं पाणी, लिंबात गुलाबी होतं, सोड्यात निळसर हिरवं, आणि मग कुणीतरी दोन्ही वाट्या एकमेकीत ओततंच, फसफसतं, आरडाओरडा होतो. ते आम्ही सांगत नाही, होऊ देतो. मग कॉर्नफ्लॉवर आणि पाणी, साधारण दोन वाट्यांना एक वाटी, बुक्की मारली की घट्ट, बोट हळू बुडवलं की पातळ. हे वाया गेलं तर सिंकमध्ये ओतायचं नाही हे आम्ही एका यजमानांचं सिंक तुंबवून शिकलो, गार पाण्यात ते विरघळत नाही, पाइपात खाली बसतं. प्लंबरचं बिल आम्हीच भरलं. आता बादलीत गोळा करून कचऱ्यात जातं.

तिसरा प्रयोग फेसाचा, ज्याला सगळे हत्तीची टूथपेस्ट म्हणतात. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाण्यात भिजवलेलं यीस्ट. व्हिडिओत छतापर्यंत उडतो तो फेस जास्त तीव्र पेरॉक्साइडचा असतो, ते त्वचा भाजतं, पालक कितीही मागे लागले तरी आम्ही आणत नाही. ओतायचं काम आमचं, फेसाला हात लावणं मुलांचं, चष्मा सगळ्यांना. एकदा बाटली जुनी निघाली आणि फेस जेमतेम बाटलीच्या तोंडापर्यंत आला, कारण पेरॉक्साइड उजेडात आणि ठेवून ठेवून आपोआप पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं. तेव्हापासून बाटल्यांवर उघडल्याची तारीख टाकतो. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो पण मागतात लोक, धूर छान दिसतो ना. पण ते उणे ७८ अंशाचं, बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि कुणी बाटलीत भरून झाकण लावलं तर बाटली फुटते. नाही म्हणजे नाही, त्यापायी काही बुकिंग गेली, गेली.

आणि शेवटी स्लाइम. आधी आम्ही स्लाइमच पहिलं ठेवायचो, मग बाकी कशाकडे कोणी बघायचंच नाही. शेवटी ठेवलं तर चिकट हातांनी केक. शेवटी नियम करून टाकला, केक आधी, स्लाइम सगळ्यात शेवटी, मग डबीत भरून, साबणाने हात धुऊन घरी.

कृती सोपी दिसते, १०० मिली पांढरा गोंद, अर्धा चमचा खायचा सोडा, एक मोठा चमचा कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्यूशन. गोंदात पीव्हीए नावाच्या चिकट पदार्थाच्या लांब साखळ्या असतात आणि सोल्यूशनमधल्या बोरिक अ‍ॅसिडपासून होणारं बोरेट त्यांना एकमेकींना बांधतं. मुलांना हे आम्ही हात धरायला लावून समजावतो, दोन रांगा सुट्ट्या पळतात, मग मधे तीन जण ‘बोरेट’ होऊन दोन्ही रांगांना धरतात आणि कोणालाच पळता येत नाही. (यात एक जण पडतोच, गादी असलेली बरी.) गंमत अशी की ही पकड सुटते आणि परत लागते, म्हणून हळू ओढलं तर स्लाइम ताणलं जातं, झटका दिला की तुटतं.

पण सोल्यूशनमध्ये बोरिक अ‍ॅसिड असेल तरच हे होतं. एकदा घाईत दुसरंच आणलं, घटक वाचले नाहीत, आणि चौदा मुलं चौदा वाट्यांत पातळ गोंद ढवळत बसली, ढवळतायत ढवळतायत काही नाही, बर्थडे गर्लचे डोळे भरून आले. तेव्हापासून बॅगेत बोरॅक्सच्या (ही बोरेटचीच पावडर) पाण्याची बाटली असते, कपभर कोमट पाण्यात एक चमचा, पण ती फक्त आमच्या हातात आणि थेंबाथेंबाने, जास्त पडलं तर स्लाइम रबरासारखं कडक होतं. हातावर जखम किंवा एक्झिमा असेल त्या मुलाला ग्लोव्हज, आणि हे फोनवर आधीच विचारून घेतो. सोफ्याला लागलं तर व्हिनेगर, आम्लाने बोरेटची पकड सुटते, केसात गेलं तर तेल. कात्री काढणाऱ्या आया मी थांबवल्यात.

धंद्याचं म्हणाल तर आमचं सगळ्यात मोठं नुकसान बारा मुलं सांगून एकोणीस येण्यात झालं. आता दर मुलामागे, सोळाच्या वर घेत नाही, सामान दोन जणांचं जास्त. पार्टी दीड तासाची, मांडामांड आणि आवराआवर त्याच्या दुप्पट, हे दर ठरवताना आम्ही पहिलं वर्षभर धरलंच नव्हतं, मैत्रिणीने वही उघडली तेव्हा कळलं की आम्ही जवळपास फुकट फरशा पुसत होतो.

सध्या खटपट चाललीय ती पाहुण्यांसोबत येणाऱ्या धाकट्या भावंडांसाठी, जी सगळं तोंडात घालतात. इसबगोल पाण्यात घालून पुन्हा पुन्हा उकळलं की बोरॅक्सशिवाय लिबलिबीत गोळा होतो. पण तो गरम असतो, थंड व्हायला वेळ लागतो, म्हणजे घरून तयार करून न्यायचा, म्हणजे पुन्हा आम्ही केलेलं आणि त्यांनी नुसतं बघायचं. मागच्या शनिवारी एका दोन वर्षांच्या बाईंना दिला, तिने तो सगळाच्या सगळा उलटा करून स्वतःच्या डोक्यावर घेतला.